धृपद धरण्याची रीत

लंडन शहरी लेडनहॉल रस्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची जी विस्तीर्ण कचेरी होती, आणि जिच्या दप्तरातून मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांच्या कारभाराविषयी लांबलचक खलिते जहाजांवर चढत, त्या कचेरीत सन १८२६ च्या अखेरीस वीस वर्षांचा एक कारकून रोजच्या रोज येऊन आपल्या मेजाशी बसे, पुढ्यात आलेले कागद वाचून उत्तरांचे मसुदे तयार करी, आणि काम आटोपले की घरी परते. त्या वेळी मुंबईस माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर होता, पेशवाई बुडून आठच वर्षे लोटली होती, आणि हिंदुस्थानातील संस्थानांशी चालणाऱ्या पत्रव्यवहाराचे जे काम पुढे बरीच वर्षे या तरुणाकडे राहिले त्याचे धडे त्याला याच मेजावर मिळत होते. कामात त्याच्याकडून कसूर होत नव्हती; सवयीच्या बळावर हात चालत होता; परंतु ज्या मनाच्या आज्ञेने तो चालावा ते मन मात्र कोरडे ठणठणीत पडले होते. या कारकुनाचे नाव जॉन स्टुअर्ट मिल.

मिलच्या बालपणाची हकिकत आपल्याकडील वाचकांस बहुधा परिचित असते: तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, खेळगडी नाहीत, शाळा नाही, केवळ पित्याचे कठोर अध्यापन आणि त्यातून घडलेली एक असामान्य तर्कबुद्धी. लोककल्याण हेच आपल्या आयुष्याचे प्रयोजन असे त्याने पंधराव्या-सोळाव्या वर्षीच ठरवून टाकले होते. त्या शरद ऋतूत एके दिवशी त्याने स्वतःलाच प्रश्न केला, की ज्या सुधारणा घडून याव्यात म्हणून आपण झटत आहोत त्या साऱ्या या क्षणी घडून आल्या, तर आपल्याला आनंद होईल काय. आणि आतून निःसंदिग्ध उत्तर आले की होणार नाही. त्या उत्तरासरशी ज्या पायावर सारे आयुष्य उभे केले होते तो पायाच खचला. झोप घेऊन पाहिली, आवडते ग्रंथ उघडून पाहिले, कशानेही तो भार हलेना. असे जिणे वर्षभरापलीकडे आपल्याच्याने सोसवणार नाही, असे त्याला वाटू लागले. आणि त्या मुदतीचा अर्धा भागही सरला नसेल, तोच मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचीत असता, पित्याच्या मृत्यूनंतर पोरके झालेले घर आणि त्या घराला आधार देण्याचा निश्चय करणारा लहानगा मुलगा या प्रसंगापाशी येताच त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. आपण अजून दगड झालेलो नाही, एवढी खात्री त्या अश्रूंनी त्याला दिली. पुढे १८२८ साली वर्ड्‌स्वर्थच्या कविता हाती आल्या आणि उरलेली वाट त्यांच्या सोबतीने तो चालला.

हे सर्व त्याच्या आत्मचरित्राच्या पाचव्या प्रकरणात आले आहे. ते आत्मचरित्र त्याच्या निधनानंतर, १८७३ साली, प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या दशकात आपल्या डेक्कन कॉलेजातील होतकरू विद्यार्थी मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ आदराने वाचीत होते आणि गोपाळ गणेश आगरकरांसारख्या तेजस्वी पुरुषाची विचारसरणी त्या ग्रंथांच्या संस्कारातून घडत होती. मिलच्या तर्काचा आपल्याकडे जेवढा गौरव झाला, तेवढी त्या पाचव्या प्रकरणाची चर्चा माझ्या तरी वाचनात आलेली नाही, आणि मला त्याची खंत वाटते. कारण विषादाने घेरलेल्या तरुणाने स्वतःस सावरण्याचा जो यत्न केला त्याची इतकी प्रांजळ नोंद त्या काळच्या वाङ्मयात विरळाच सापडेल. त्या नोंदीतील मला सर्वांत बोचणारी गोष्ट मात्र निराळीच आहे. मिल लिहितो, की आपले दुःख ज्याला सांगावे इतके प्रेम जर मी कोणावर केले असते, तर माझी ती अवस्था झालीच नसती. वडिलांना सांगणे तर अशक्य. ज्या घराने त्याला ग्रीक आणि लॅटिन शिकविले, त्या घरात ‘मला बरे वाटत नाही’ एवढे म्हणण्याची सोय नव्हती.

नैराश्याशी झगडणाऱ्या तरुणांनी स्वतःच स्वतःला कसे साहाय्य करावे, याविषयीची पुस्तके, वह्या, वर्ग आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील साधने आज उदंड झाली आहेत, आणि या स्वसाहाय्याचा इतिहास सांगण्याची रूढ पद्धत अशी, की एकेका खंबीर मनाने एकट्याने संकटावर कशी मात केली याच्या कथा ओळीने मांडाव्यात. मी जसजसा या इतिहासाच्या तपशिलात शिरलो, तसतसे मला दिसत गेले की जेथे जेथे ही स्वसाहाय्याची रीत खरोखर लागू पडली, तेथे तेथे त्या माणसाच्या अलीकडे-पलीकडे कोणीतरी दुसरे उभे आहे. बहुतेक वेळा त्याचे नाव ग्रंथात येत नाही.

खुद्द ‘सेल्फ-हेल्प’ हा शब्द घरोघरी पोहोचविणाऱ्या पुस्तकाचीच जन्मकथा पाहावी. सॅम्युएल स्माइल्सचे त्या नावाचे पुस्तक १८५९ साली निघाले, पहिल्याच वर्षी त्याच्या वीस हजार प्रती खपल्या, आणि जपानपासून आपल्या देशापर्यंत त्याची भाषांतरे झाली. स्वावलंबनाचा हा वेदग्रंथ कोठून आला? लीड्स या गिरण्यांच्या शहरात अगदी गरीब स्थितीतील दोन-तीन तरुण हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांस शिकवू लागले. ज्याला वाचता येई त्याने न येणाऱ्यास वाचन शिकवावे, ज्याला गणित येई त्याने गणित. संख्या वाढली, खोली पुरेना, उन्हाळा आला तेव्हा बागेतील एका लाकडी झोपडीभोवती उघड्यावर वर्ग भरू लागला. पुन्हा थंडी पडू लागली तेव्हा जागेचा शोध सुरू झाला, आणि अखेर त्यांना एक मोठी कळकट खोली मिळाली, जी पूर्वी पटकीच्या रोग्यांचे तात्पुरते इस्पितळ म्हणून वापरलेली असल्याने तिच्या वाऱ्यास कोणी उभे राहत नव्हते. तीच त्यांनी भाड्याने घेतली. अशा जागेत शंभरेक तरुण जमू लागले, आणि १८४५ च्या सुमारास त्यांनी स्माइल्स यांस, आमच्यापुढे चार शब्द बोला, असा आग्रह केला. त्या व्याख्यानांतून पुढे ते पुस्तक सिद्ध झाले. पुस्तकाच्या नावामुळे ते स्वार्थाचे स्तोत्र आहे असा काहींचा ग्रह झाला, तेव्हा पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्माइल्सला खुलासा करावा लागला की स्वतःस साहाय्य करण्याच्या कर्तव्यात शेजाऱ्यास साहाय्य करणे आलेच. त्या पटकीच्या खोलीतील मंडळींना हा खुलासा लागला नसता.

या दोन्ही हकिकती विलायतेतील. परंतु ज्या प्रसंगाने मला या विषयाकडे ओढून नेले तो त्याहून दोनशे वर्षे आधीचा आणि इंद्रायणीच्या काठचा आहे.

देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी होती, सावकारी होती, पिढीजात विठ्ठलाचे देऊळ होते. वडिलांनी घरचा कारभार हाती दिला तेव्हा तुकाराम अजून पोरवयाचे होते. पाठोपाठ आईबाप गेले. आणि सन १६३० च्या आगेमागे दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला त्यात या विशी-बाविशीच्या तरुणाचे सर्वस्व गेले. व्यापार बसला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्न अन्न करीत मेली, मुलगा गेला. आपल्या आत्मपर अभंगांतून त्यांनी ही सारी हकिकत स्वतः सांगितली आहे, आणि सांगताना दुःखाच्या शब्दाबरोबर त्यांनी लाजेचाही शब्द वापरला आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विषाद जेव्हा तारुण्यात येतो, तेव्हा तो केवळ शोकाच्या वेषात क्वचितच येतो. आपण नालायक ठरलो, चारचौघांत तोंड दाखविण्याची सोय राहिली नाही, अशा लाजेचे रूप घेऊन तो येतो. साडेतीनशे वर्षांनी मानसोपचारकांनी जी लक्षणे सांगितली त्यांत ही निरुपयोगीपणाची भावना ठळक अक्षरांत लिहिलेली आहे. तरीही संताच्या अनुभवावर वैद्यकाची चिठ्ठी डकविण्याचा माझा हेतू नाही. जे घडले ते घडले तसे पाहू.

ते डोंगरावर गेले, भामचंद्रावर आणि भंडाऱ्यावर, एकांतात बसले. आपल्या लोकपरंपरेने हाच भाग चित्रांत, नाटकांत, बोलपटात रंगविला: निर्जन पठार, झाड, आणि नेत्र मिटून बसलेला तुका. परंतु त्यांच्या आत्मकथनात डोंगराइतकीच महत्त्वाची आणखी दोन कामे आहेत आणि त्यांकडे आपले लक्ष जात नाही. पहिले काम देवळाचे. घराण्याचे ते देऊळ मोडकळीस आले होते. त्याची दुरुस्ती करावी असे त्यांच्या चित्तास वाटले आणि ती त्यांनी केली. ज्याचे दुकान बसले, घर बसले, त्याने एक ढासळलेली भिंत उभी करावयास घ्यावी, यातील शहाणपण शब्दांत सांगण्याची गरज नाही. सावकारीची खते होती, त्यांतील आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडविली असे चरित्रकार सांगतात. ऋणको सुटले तसे धनकोही सुटले.

दुसरे काम कीर्तनाचे. एकादशीला कीर्तन करण्यास आरंभ केला तेव्हा चित्त अभ्यासात लागत नव्हते, हे त्यांनीच नमूद केले आहे. मग त्यांनी काय केले, तर संतांची काही वचने आदराने आणि विश्वासाने पाठ केली, आणि जे पुढे उभे राहून गात त्यांच्या मागे उभे राहून त्यांचे धृपद धरले.

धृपद धरणे म्हणजे काय हे ज्याने गावच्या देवळात एकदा तरी पाहिले आहे त्यालाच या गोष्टीचे मोल कळेल. पुढे कीर्तनकार गळ्यात वीणा घेऊन उभा असतो. मागे अर्धवर्तुळात टाळकरी उभे असतात. एका अंगाला पखवाज. कीर्तनकार चरण म्हणतो, अर्थ सांगतो, दृष्टांत देतो, रडतो, हसवतो. चरण संपला की मागची मंडळी ध्रुवपदाची ओळ उचलतात आणि टाळ वाजवीत ती पुन्हा पुन्हा म्हणतात. मागे उभ्या असलेल्या माणसाला विद्वत्ता लागत नाही, चांगला गळा लागत नाही, अभंग पाठ असावा लागत नाही. एकच ओळ, आणि ती वेळेवर उचलण्याचे अवधान. त्याचा आवाज कापला तरी दहा आवाजांत तो मिसळून जातो. त्याचा कंठ दाटून आला आणि ओळ तोंडातून फुटलीच नाही, तरी ओळ थांबत नाही. शेजारचे ती म्हणत राहतात, आणि पुढच्या आवर्तनात त्याला पुन्हा शिरता येते. ज्याच्या मनात दिवसाचे चोवीस तास एकच काळा विचार फिरत असतो, त्याच्या तोंडी तितकाच वेळ फिरणारी दुसरी एक ओळ देण्याची ही युक्ती आहे, आणि ती त्याच्या एकट्याच्या इच्छाशक्तीवर सोडलेली नाही. पुढे ज्याच्या अभंगांचे धृपद सारा महाराष्ट्र धरणार होता, त्याने आपल्या आयुष्यातील अत्यंत पडत्या काळात आरंभ केला तो असा, मागच्या रांगेतून.

समर्थांच्या मनाच्या श्लोकांचेही तसेच. दोनशे पाच श्लोक, आणि बहुतेक सारे आपल्याच मनाला उद्देशून. यापेक्षा अधिक शुद्ध स्वसाहाय्य कोणते? पण ते श्लोक आपल्यापर्यंत पोहोचले ते तिन्हीसांजेला देवापाशी बसलेल्या भावंडांच्या एकसुरी घोषातून आणि शाळेच्या ओसरीवरून.

विसाव्या शतकात हा सारा प्रकार धर्माच्या अंगणातून इस्पितळाच्या अंगणात आला. १९३७ साली शिकागो येथे डॉ. अब्राहम लो नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने इस्पितळातून बरे होऊन बाहेर पडलेल्या रुग्णांची ‘रिकव्हरी’ नावाची संस्था काढली. बाहेर पडलेला रुग्ण घरी जातो, घरचे लोक त्याच्याकडे धास्तीने पाहतात, तो स्वतःकडे त्याहून अधिक धास्तीने पाहतो, आणि काही महिन्यांत पुन्हा इस्पितळाच्या दारी येतो, हे पाहून डॉ. लो यांनी ही योजना आखली. सभेची रीत ठरीव होती. पुस्तकातील उतारा मोठ्याने वाचावयाचा; मग एकेका सभासदाने गेल्या आठवड्यातील एक प्रसंग सांगावयाचा, आणि तो शक्य तितका क्षुल्लक असावा. दुकानात सुटे पैसे मोजताना हात थरथरला, शेजारीण न बोलता निघून गेली, असे काहीतरी. त्या क्षणी अंगात काय झाले, मनात काय आले, आपण काय केले, आणि ही रीत शिकण्यापूर्वी आपण काय केले असते, हे सांगावयाचे. आयुष्याचा अर्थ, दैवाचा अन्याय अशा मोठ्या प्रश्नांना तेथे सहसा शिरकाव नव्हता. मोठे दुःख एकदम उचलत नाही, पण आठवड्यातील एक लहानसा प्रसंग उचलता येतो, आणि तो उचलल्याचे सांगण्यास समोर माणसे असली तर पुढच्या आठवड्यात दुसरा उचलावासा वाटतो. १९५४ साली डॉ. लो वारले, आणि संस्था पुढे चालविली ती पूर्वीच्या रुग्णांनीच.

अल्बर्ट एलिस आणि आरन बेक या दोघा मानसोपचारकांची नावे या इतिहासात सर्वांत मोठी आहेत, आणि त्यांचे काम आता मराठी वाचकास इतके ठाऊक झाले आहे की मी त्यावर फार रेंगाळणार नाही. एलिस एकोणीस वर्षांचा असताना स्त्रियांशी बोलण्याची त्याला भयंकर धास्ती वाटे. ती घालविण्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील वनस्पतिउद्यानात जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांशी त्याने महिनाभरात बोलण्याचा प्रयत्न केला, आणि आपल्यावर आकाश कोसळत नाही हे पडताळून पाहिले. १९५५ पासून त्याने जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभारली तिचा मुंबईतील किशोर फडके यांनी एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार करून अभ्यास केला आणि ती मराठीत आणली, हे आपल्या भाषेचे भाग्यच. बेकच्या पद्धतीवर आधारलेले डेव्हिड बर्न्सचे ‘फीलिंग गुड’ हे पुस्तक १९८० साली निघाले. एका रकान्यात आपोआप आलेला विचार, शेजारच्या रकान्यात त्यातील चूक, तिसऱ्यात त्याला दिलेले उत्तर, ही जी रकान्यांची वही आज जगभर तरुणांच्या हाती दिसते ती मुख्यतः याच परंपरेची. वेल्समधील कार्डिफ येथे तर २००३ पासून डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहू लागले, आणि ती चिठ्ठी घेऊन रुग्ण सार्वजनिक ग्रंथालयात जाऊ लागला. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव! ग्रंथालयाच्या वाऱ्याने वाढलेल्या माझ्यासारख्याला ही बातमी वाचून जो आनंद झाला तो सांगून समजावयाचा नाही.

परंतु तरुणांच्या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते ते ओरेगॉन विद्यापीठातील पीटर लेविन्सन यांचे काम. त्यांचे म्हणणे साधे होते. खिन्न माणूस कामे सोडतो, कामे सुटली की त्यांतून मिळणारे लहानसहान समाधान सुटते, समाधान सुटले की खिन्नता वाढते, आणि वाढलेली खिन्नता उरलेली कामेही सोडावयास लावते. तेव्हा मन सुधारण्याची वाट न पाहता आधी दिवस सुधारावा. यासाठी त्यांनी सुखकारक गोष्टींची एक यादी केली, तीनशे वीस बाबींची. स्वच्छ कपडे घालणे, मोकळ्या हवेत श्वास घेणे, जनावरांच्या सहवासात असणे, अशा गोष्टी तिच्यात आहेत. माणसाने रोज यांपैकी काय घडले त्यावर खूण करावी आणि मन कसे होते त्याला गुण द्यावेत. अशा रोजनिश्या तपासून पाहता मनःस्थितीशी ज्यांचे नाते सर्वांत घट्ट दिसले अशा बाबींत इतर माणसांशी होणाऱ्या व्यवहारांचा एक मोठा गट निघाला. १९७८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले, आणि त्याच पद्धतीचा एक वर्गही सुरू केला, ज्यात येणाऱ्यांना रुग्ण न म्हणता विद्यार्थी समजले जाई. १९९० साली त्याची किशोरवयीन मुलांसाठी स्वतंत्र आवृत्ती निघाली.

अशी एक वही मी जवळून पाहिली आहे. माझा एक विद्यार्थी, हुशार, बोलका, दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहून शिकणारा, वर्ष अर्धवट सोडून घरी परतला आणि दुपारी बारापर्यंत अंथरुणातून उठेनासा झाला. डॉक्टरांचे औषध चालू होते. त्यांनीच ही वही ठेवण्यास सांगितले होते. शंभरपानी रेघी वही, पट्टीने आखलेले तीन रकाने: वेळ, काय केले, मन कसे होते. शेवटच्या रकान्यात एक ते नऊ यांपैकी आकडा. पहिल्या आठवड्यात बहुतेक घरे रिकामी, आणि जेथे लिहिले होते तेथे ‘पडून होतो’ आणि पुढे एक. मग एके दिवशी, ‘पाच वाजता गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेलो’, आणि पुढे तीन. त्या तीनच्या आकड्यावर त्याने पेन दोनदा फिरवले होते. दर शनिवारी तो वही घेऊन माझ्याकडे येई. आम्ही चहा घेत असू आणि मी काही विशेष बोलत नसे, कारण बोलण्यासारखे मला काही सुचतच नसे. पुढे तीन शनिवार मी कामानिमित्त परगावी होतो. परत आल्यावर वही उघडली, तर त्या तीन आठवड्यांची पाने कोरी होती. ती पाने मी विसरू शकलेलो नाही. वही मी आखली नव्हती, तिच्यातील पद्धत मला ठाऊक नव्हती, माझ्याकडून तिच्यात एका अक्षराची भर पडली नव्हती. तरी मी नसताना ती थांबली.

हाच अनुभव मोठ्या प्रमाणावरही आला आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २००१ साली मुख्यतः तरुणांसाठी ‘मूडजिम’ नावाचा संगणकीय पाठ्यक्रम इंटरनेटवर कोणालाही मोफत खुला केला. २००४ साली त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि ज्यांनी तो अभ्यासला त्यांची खिन्नता कमी झाल्याचे आढळले. परंतु त्या चाचणीत दर आठवड्याला एक माणूस दूरध्वनी करी. तो उपचारक नव्हता, फक्त पुढच्या पाठाची आठवण देई. ज्यांना कोणाचाच फोन येत नव्हता, आपणहून येऊन ज्यांनी तो पाठ्यक्रम उघडला होता, त्यांतील बहुसंख्य पहिल्या पाठापलीकडे गेले नाहीत. इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी त्याच वर्षी जी मार्गदर्शक सूत्रे निघाली त्यांनी सौम्य नैराश्यासाठी स्वसाहाय्याची शिफारस करताना ‘मार्गदर्शनासह’ हे विशेषण त्याला जोडले.

‘सौम्य’ हा शब्दही येथे डोळ्यांत तेल घालून वाचला पाहिजे. ज्याचे अन्न तुटले आहे, झोप तुटली आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले आहेत, त्याच्या हाती केवळ पुस्तक देणे हा अपराध आहे. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि तेथे मराठीत बोलता येते, ही माहिती प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लिहिलेली असावी असे मला मनापासून वाटते.

आपल्याच देशात गेल्या काही वर्षांत या बाबतीत जे काम झाले आहे ते जगाने वाखाणले आहे. मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ साली गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. सोबत, सहयोग असा या कोकणी शब्दाचा अर्थ. या संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांतील अडीचशे मुलामुलींवर एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या मनावर ओझे घालणाऱ्या अडचणी कशा सोडवाव्यात, म्हणजे अडचण नेमकी ओळखावी, तीवरचे पर्याय मांडावेत आणि एक करून पाहावा, हे चित्रकथांच्या पुस्तिकांतून सांगितले होते. निम्म्या मुलांना केवळ पुस्तिका दिल्या. निम्म्यांना त्याच पुस्तिका, आणि शाळेत येऊन त्यांच्याशी काही वेळ बोलणारा एक समुपदेशक. सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा मुलांनी स्वतः ज्या अडचणी सांगितल्या होत्या त्या समुपदेशक लाभलेल्या गटात स्पष्टपणे अधिक हलक्या झाल्या होत्या. मनोविकारांच्या सर्वसाधारण लक्षणांत मात्र दोन्ही गटांत त्या वेळी लक्षणीय फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. माझ्या म्हणण्याला सोयीचे तेवढेच उचलणे बरे नव्हे.

गोव्यातील प्रयोग याहून मोठा. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी अर्ध्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ बैठकांचा एक क्रम दिला गेला. त्या बैठका घेणारे लोक मनोविकारतज्ज्ञ नव्हते; मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना त्यासाठी तयार केले होते. क्रमाचा गाभा लेविन्सन यांच्या विचारातून वाढलेला: सुटलेल्या कामांतील एखादे पुन्हा धरणे, ते केव्हा करावयाचे हे ठरविणे, केल्यावर मन कसे होते हे पाहणे. सारे करावयाचे त्या माणसानेच. तीन महिन्यांनी पाहता नेहमीच्याच उपचारावर असलेल्यांपैकी शेकडा ३९ जण नैराश्यातून बाहेर आले होते, तर या क्रमातून गेलेल्यांपैकी शेकडा ६४. २०१७ साली हे आकडे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले तेव्हा त्यांवर जगभर चर्चा झाली.

आकड्यांखेरीज त्या अहवालात एक लहानसा तपशील आहे. बैठक आरोग्य केंद्रातच भरली पाहिजे असा दंडक नव्हता. ज्याला केंद्रापर्यंत येणे जमत नसे, ज्याचे अंगच उचलत नसे किंवा ज्याला घरचे काम सोडून येता येत नसे, त्याच्याकडे समुपदेशक स्वतः जाई, प्रसंगी फोन करी, त्याच्याच घरात बसून मागच्या वेळी ठरविलेले काम झाले का हे विचारी, आणि झाले नसेल तर त्याहून लहान एखादे काम दोघे मिळून ठरवीत.